एफी प्रिंगलची जागा

नवऱ्याच्या नाचाच्या बुटांना बुरशी आली आहे हे नेटा रदरफर्डला फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी कळलं, आणि तिथून पुढे तिच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही.

झालं असं, की वॅटची नाचाची पिशवी दाराआडच्या खुंटीवरून खाली पडली आणि आतले बूट बाहेर घरंगळले. मऊ काळ्या कातड्याचे, घोट्याभोवती नाड्या गुंडाळायचे, मोज्यासारखे हलके बूट. नेटाने त्यातला एक उचलला आणि सवयीने खिडकीतल्या उजेडासमोर धरला. एकतीस वर्षं तिने गावच्या लोकरीच्या गिरणीत कापड तपासलं होतं. तागा उजेडासमोरून ओढायचा, तुटका धागा, चुकलेली वीण, तेलाचा डाग दिसला की खडूने खूण करायची. विणकर बायका पाठीमागे आपल्याला काय काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचं तिला कधी फारसं वाईटही वाटलं नव्हतं.

बुटाचं कातडं वाळून कडक झालं होतं. तळव्याला हॉलच्या फरशीची धूळ नाही, घामाचा ओलावा नाही. आत अंगठ्याच्या जागी पांढरी बुरशी धरली होती. हा बूट निदान तीन-चार महिने कुणाच्या पायात गेला नव्हता.

आणि वॅट तर काल संध्याकाळीच नाचून आला होता! गेली बावीस वर्षं दर बुधवारी तो चर्चमागच्या हॉलमध्ये गावच्या नृत्यमंडळात नाचायला जायचा. सातला निघायचा, सव्वानऊला परत. काल आल्यावर नेटाने विचारलं होतं, "कसं झालं?" तर म्हणाला, "झकास. गुडघे मात्र बोलायला लागलेत."

तिच्या मनात पाल चुकचुकली. पण एक दोष दिसला म्हणून लगेच खडू उचलायचा नसतो, आधी अख्खा तागा ओढून बघायचा असतो. तिने बूट होते तसे पिशवीत घातले आणि पिशवी खुंटीला टांगली.

पुढच्या बुधवारी तिने सगळं नीट पाहून ठेवलं. वॅटने संध्याकाळी पुन्हा दाढी केली. तिने केलेल्या दूधसाखरेच्या वड्यांतल्या सहा वड्या कागदात बांधून घेतल्या, "चहाच्या वेळी मंडळींना" म्हणून. तो परतल्यावर तिने त्याचं जाकीट टांगायला घेतलं. शर्ट अगदी कोरडा. दोन तास उड्या मारलेल्या माणसाचा शर्ट असा असतो? जाकिटाला लव्हेंडरचा वास येत होता, बायका हाताला लावतात त्या मलमाचा. खिशात पटावरच्या खेळातली एक काळी गोल सोंगटी. ती तिने आपल्या पर्समध्ये टाकली.

"वड्या आवडल्या का सगळ्यांना?"

"एक उरली नाही," वॅट म्हणाला आणि चहाची किटली चढवायला आत गेला. जाताना तो शीळ घालत होता.

सकाळी तो बागेत असताना ती गाडीत जाऊन बसली. आदल्या दिवशी तिने मैलांचा आकडा वाण्याच्या यादीच्या पाठीवर लिहून ठेवला होता. आता तो चोवीस मैलांनी पुढे होता. हॉल घरापासून एक मैल. म्हणजे बारा मैल जाणं आणि बारा मैल येणं. नेटा तशीच बराच वेळ चाकावर हात ठेवून बसून राहिली. वॅट एकोणसत्तरचा होता. आयुष्यभर सुतारकाम केलेला, कमी बोलणारा, जेवल्यावर आपली ताटली आपण धुणारा माणूस. या वयात? पण का नाही? गिरणीतल्या बायकांच्या नवऱ्यांचं तिने काय कमी ऐकलं होतं?

शनिवारी खाटकाच्या दुकानात मार्जरी ऑलिव्हर भेटली. ही मंडळाची नाच शिकवणारी, उंच, ताठ मानेची, आवाज अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा.

"काय मार्जरी, आमचा वॅट नीट नाचतो ना? की पाय तुडवतो लोकांचे?"

मार्जरीने समोरच्या सॉसेजकडे अशी नजर लावली की जणू तीच आता काहीतरी सांगतील. "वॅट ना... तुला ठाऊकच आहे वॅट," ती म्हणाली. एवढ्या मोठ्या आवाजाच्या बाईचा आवाज एकदम खाली आला. मग तिला कसलीशी घाई आठवली आणि बांधून ठेवलेला खिमा तसाच फळीवर टाकून ती निघून गेली.

म्हणजे हिलाही माहीत आहे. म्हणजे सगळ्यांनाच माहीत आहे! घरी जाताना नेटाला रस्त्यातली प्रत्येक खिडकी आपल्याकडे बघते आहे असं वाटलं.

त्यानंतरच्या बुधवारी वॅटची गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती पडद्याआड थांबली. मग कोट चढवून तडक हॉलवर गेली. आतून अकॉर्डियनचा सूर येत होता. तिने दार ढकललं आणि सूर अर्ध्यात थांबला.

हॉलमध्ये सात जण दोन ओळींत समोरासमोर उभे होते. एका ओळीत चार, दुसऱ्या ओळीत तीन. पुरुषांच्या ओळीत खरे पुरुष दोनच होते, बाकी दोन बायकांनी पुरुषांच्या जागेची खूण म्हणून खांद्यावरून तिरका पट्टा घातला होता. मार्जरी भिंतीशी उभी होती. सगळे नेटाकडे बघत होते आणि कुणी हलत नव्हतं.

"वॅट कुठे आहे?" नेटाने विचारलं.

"मुतारीत," ड्रू टेट म्हणाला. हा वॅटचा जुना दोस्त, टपाल वाटायचा. बोलून गेल्यावर त्याचे कान लाल झाले.

"बरं. थांबते मी." नेटा भिंतीकडेच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली. घड्याळाचा काटा सरकत राहिला. कुणीतरी खोकलं. अकॉर्डियनवाला म्हातारा भाता उगाचच पुसायला लागला.

"बराच वेळ लागतोय त्याला," पाच मिनिटांनी नेटा म्हणाली. "ड्रू, जाऊन बघ की. मेलाबिला असेल."

"पुरे, ड्रू," मार्जरी म्हणाली. "नेटा, वॅट ऑक्टोबरपासून इथे आलेला नाही."

"मग जातो कुठे?"

"ते त्यानेच सांगायला हवं."

"बाई आहे?"

ड्रू आपल्या बुटांकडे बघायला लागला.

"मी विचारलं, बाई आहे का?"

"तू समजतेस तसं नाहीये ते," मार्जरी म्हणाली.

"म्हणजे आहे."

नेटा उठली. तिला तिथून निघून जायचं होतं, पण जायचं कुठे? रिकाम्या घरात जाऊन घड्याळ बघत बसायचं? इथे निदान सगळं ठाऊक असलेली नऊ माणसं होती, आणि नऊ तोंडांतलं एखादं तरी कधी ना कधी सैल सुटतंच. तिने कोट काढला.

"सातच आहात तुम्ही," ती म्हणाली. "आठ लागतात ना?"

"तुला येतं?" मार्जरीने विचारलं.

"नाही. बावीस वर्षं मी याला उड्या म्हणत आले. दाखवा, कुठे उभी राहू?"

त्यांनी तिला बायकांच्या ओळीत शेवटी उभं केलं. अकॉर्डियनने पहिला लांब सूर धरला, पुरुष लवले, बायकांनी गुडघे वाकवून मान दिला, आणि नेटाच्या आजूबाजूला एकदम सगळं फिरायला लागलं. हात आले, तिने धरले. पाठी आल्या, तिने चुकवल्या. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं वळत दोघांच्या मधून जायचं होतं, तिथे ती सरळ खुर्च्यांकडे निघाली. ड्रूने तिला खांद्याला धरून परत आणलं.

"डावीकडे, डावीकडे!" शेजारची ठेंगणी बाई धापा टाकत म्हणाली. "एफीची जागा जरा आत असते, वॅटचा हात लांब पो—"

आणि ती गप्प झाली. तिने ओठ इतके घट्ट मिटले की नेटाला हसू आलं असतं, वेळ वेगळी असती तर.

एफी. एफी प्रिंगल. वॅटबरोबर एकोणीस वर्षं जोडीने नाचणारी. गिरणीतलीच, मागावर विणायची. नवरा लवकर गेलेला. शरद ऋतूत ती मुलीकडे कार्लाइलला राहायला गेली असं वॅटनेच सांगितलं होतं, मटार सोलताना, सहज.

कार्लाइल काही बारा मैलांवर नव्हतं.

सव्वानऊला वॅट घरी आला तेव्हा नेटा खुर्चीत विणकाम घेऊन बसली होती. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

"कसं झालं आज?"

"छान. फरशी जरा निसरडी होती."

"कोण कोण होतं?"

"नेहमीचेच."

"एफी प्रिंगलची आठवण येत असेल तुम्हाला. कशी आहे ती, काही कळतं का?"

वॅट बुटाची नाडी सोडत होता. त्याचा हात क्षणभर थांबला. "बरी आहे म्हणतात," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. वॅट तो घेऊन बागेतल्या शेडमध्ये गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. ड्रू असणार, नेटाने ओळखलं. आता तिला कळलं आहे हे त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलं आहे हे तिला. तरी दोघांनी ताकास तूर लागू दिली नाही. सबंध आठवडा घरात असा शिष्टाचार चालला की पाहुणे बरे. "मीठ देतेस का, प्लीज." "घे ना." "दार लावू का, गार वाटत असेल तुला." रात्री दोघं पाठीला पाठ लावून झोपायची आणि दोघांनाही झोप नसायची.

त्याने स्वतःहून सांगावं म्हणून ती वाट पाहत होती. त्याने सांगितलं नाही.

बुधवारी पावणेसातला वॅट दाढी करून खाली आला तर नेटा घरात नव्हती. ती गाडीत बसली होती. कोट घालून, पट्टा लावून, पर्स मांडीवर.

तो चाकामागे बसला. किल्ली फिरवली नाही.

"तुला बहिणीकडे सोडू?"

"तू जिथे जातोस तिथे सोड."

"नेटा..."

"चालव."

त्याने गाडी काढली. गाव मागे पडलं, नदी आली, मेंढ्यांची कुरणं अंधारात गेली. पाच मैल झाले.

"कधीपासून?" नेटाने विचारलं.

"ऑक्टोबर."

"मला वाटलं होतं आधीपासून. एकोणीस वर्षं."

"काहीतरी काय बोलतेस!"

"मी बोलतेय? खोटं कोण बोललं? फरशी निसरडी होती म्हणे! त्या फरशीवर मी घसरत होते, तू नाहीस."

वॅटच्या घशातून एक आवाज आला, हुंदका की हसू ते तिला कळेना. "ड्रू म्हणाला," तो म्हणाला. "म्हणाला, तू तीन खुर्च्या पाडल्यास."

"एक."

मग तो पुन्हा गंभीर झाला. "मी वचन दिलं होतं, नेटा. सगळ्यांनीच दिलं होतं."

"कोणाला?"

"तिला. आता बघशीलच."

गाडी एका लांबट एकमजली इमारतीपुढे थांबली. दाराशी ब्रेरीबँक वृद्धाश्रम अशी पाटी होती. वॅटने मागच्या सीटवरून घोंगडीखाली झाकलेला एक लाकडी ट्रे काढला. आत गेल्यावर तिथे काम करणाऱ्या एका मुलीने त्याला नावाने हाक मारली आणि नेटाकडे कुतूहलाने पाहिलं. तिसऱ्या दारापाशी वॅट थांबला. "मी आधी आत जाऊन सांगू का?"

"नको," नेटा म्हणाली आणि तिने दार लोटलं.

एफी प्रिंगल खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होती. नेटाला आठवत होती ती एफी लालबुंद गालांची, मोठ्याने हसणारी, मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून गाणारी बाई. ही अर्धी होती. चेहऱ्याची डावी बाजू ओघळली होती, डावा हात मांडीवर रिकाम्या मोज्यासारखा पडला होता. खोलीभर लव्हेंडरचा वास. उजवा डोळा मात्र जुनाच, लख्ख. त्या डोळ्याने तिने आधी वॅटकडे पाहिलं आणि मग नेटाकडे, आणि जेवढा चेहरा हलत होता तेवढा सगळा लाल झाला.

एफीने तोंड उघडलं. शब्द एकेक करून, खडे वेचल्यासारखे बाहेर आले.

"खडू... आणलास?"

नेटाला त्या दोन शब्दांचा अर्थ पोचायला वेळ लागला नाही. किती वेळा तिने एफीच्या ताग्यावर पांढरी फुली मारली होती? इतर कुणाहून जास्त नसेल. कमीही नसेल. एकदा सगळ्यांसमोर तागा उलगडून दाखवला होता, आणि एफी त्या दिवशी गायली नव्हती.

"तिने सगळ्यांना शपथ घातली," वॅट हळूच म्हणाला. "अर्धांगाचा झटका आला सप्टेंबरात. गावात कुणाला कळू द्यायचं नाही, कुणी भेटायला यायचं नाही. मला येऊ दिलं तेही महिन्याभराने. आणि सांगितलं, बाकी कुणालाही चालेल एक वेळ, पण नेटाला नाही."

"वॅट... बघत नाही," एफी म्हणाली. "तू बघतेस."

नेटा खाटेच्या कडेवर बसली. आपल्या मनात इतके दिवस जे जे चाललं होतं ते सगळं या बाईच्या डोळ्यासमोर पसरलेलं आहे असं तिला वाटलं, आणि तिचे कान तापले. पण संशय काही एका दमात जात नाही. तिने त्याही क्षणी पाहिलं की टेबलावर दोन पेले मांडून ठेवले आहेत, आणि खुर्चीजवळचं स्टूल वॅटने न बघता पायाने ओढून घेतलं. सवयीने.

वॅटने ट्रे एफीसमोर ठेवला. त्याने तो स्वतः केला होता, कडेला बोटभर उंच पट्टी लावून, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून. चार काळ्या सोंगट्या एका ओळीत, चार पांढऱ्या समोर. त्यांतली एक काळी नव्हती, तिच्या जागी कोटाचं बटण. नेटाने पर्स उघडली आणि खिशात सापडलेली सोंगटी ट्रेवर ठेवली. वॅटने बटण उचलून खिशात टाकलं.

मग वॅट नाचाची धून गुणगुणायला लागला. एफी उजव्या हाताने पांढऱ्या सोंगट्या सरकवायची, तो काळ्या. पहिली जोडी मधून खाली, दुसरी वर, चौघांचा फेर, परत. एफीचा हात सावकाश चालायचा, म्हणून तोही सूर सावकाश ओढायचा. एके ठिकाणी ती अडली. तो थांबला, तोच सूर धरून ठेवला, आणि तिची सोंगटी पोचल्यावरच पुढे गेला. एकदाही तिच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही. त्याची गरजच नव्हती.

नेटा ते बघत राहिली. लग्नाच्या अडतीस वर्षांत या माणसाने आपल्यासाठी असा सूर धरून ठेवला आहे का, हे ती आठवून बघत होती.

"गेल्या बुधवारी मी उभी होते तुझ्या जागेवर," ती एकदम म्हणाली.

एफीचा हात थांबला. "वाईट?"

"फार वाईट."

एफीचा अर्धा चेहरा हसला. पोटातून आलेलं हसू अर्ध्याच तोंडातून बाहेर पडलं, आणि ते जुनंच होतं. "दाखव."

"इथे?"

"इथे."

तेव्हा सहासष्ट वर्षांची नेटा खाट आणि हीटर यांच्या मधल्या दीड हात जागेत उभी राहिली आणि मार्जरीने शिकवलेलं एक-दोन-तीन, एक-दोन-तीन पाऊल टाकायला लागली. वॅट खाली ट्रेकडे बघत होता आणि त्याचे खांदे हलत होते. एफीने एक बोट उचललं. "टाच," ती म्हणाली. "टाच... टेकू नको. मेंढी आहेस का?"

परतताना गाडीत नेटाने विचारलंच. "तिच्यावर प्रेम आहे तुझं?"

वॅटने लगेच उत्तर दिलं नाही, आणि त्याने लगेच "नाही" म्हटलं असतं तर तिने त्यावर विश्वास ठेवला नसता. "मी एकोणीस वर्षं तिचा हात धरून नाचलो," तो शेवटी म्हणाला. "तो कुठे येणार ते न बघता कळतं मला. बाकी त्याला काय म्हणतात ते मला नाही माहीत. राहतो मी तुझ्याबरोबर."

"हे काही उत्तर नाही झालं."

"नाही. पण दुसरं नाहीये माझ्याकडे."

नेटा त्यानंतर दर बुधवारी हॉलवर जायला लागली. वॅट ब्रेरीबँकला जायचा, जाताना तिला सोडायचा. का जाते, असं कुणी विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. एफीची जागा मोकळी होती हे एक. दुसरं म्हणजे, एकोणीस वर्षं तिथे नेमकं काय घडत होतं ते तिला आपल्या पायांनी तपासून बघायचं होतं. एप्रिलपर्यंत तिच्याकडून खुर्च्या पडेनाशा झाल्या. आणि एका बुधवारी वॅट निरोप घेऊन आला. एफी म्हणते, मंडळाला इथे आणा. मला बघायचंय.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी सगळे गेले. पुरुषांनी घागरे, म्हणजे आपले किल्ट, चढवलेले, बायका पांढऱ्या झग्यांवर चौकड्याचा पट्टा लावलेल्या. वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीतलं फर्निचर भिंतीला सरकवलं होतं. म्हातारी मंडळी गोल बसली होती, एक आजोबा आल्यापासून झोपलेले. एफीला पहिल्या रांगेत आणलं होतं, केस विंचरून, ओठांना रंग लावून. मंडळातल्या लोकांनी तिला आठ महिन्यांनी पाहिलं. मार्जरीला रडू आवरेना, तेव्हा एफी म्हणाली, "नाचा. रडायला... पुष्कळ लोक आहेत इथे."

वॅट आपल्या जागी उभा राहिला. पट्टा घालून त्याच्या जागी नाचणाऱ्या बाईने तो पट्टा आनंदाने काढून टाकला. त्याच्यासमोर नेटा. लग्न झाल्यापासून दोघं कधी समोरासमोर नाचली नव्हती. लग्नातसुद्धा तिने पाय दुखतो म्हणून टाळलं होतं.

पहिला नाच संथ होता. सूर लागला, वॅट लवला, नेटाने गुडघे वाकवले. सगळं बरं चाललं होतं. मग ती जागा आली जिथे दोघांनी मधे येऊन उजवा हात द्यायचा असतो. वॅटने हात पुढे केला, न बघता, आणि मिटला. हात हवेत मिटला, कारण नेटाचा हात अजून आला नव्हता. ती तालावर होती, मार्जरीने शिकवलं होतं तशी अगदी बरोबर. एफीचा हात मात्र नेहमी तालाच्या किंचित आधी यायचा, आणि एकोणीस वर्षं वॅट तसाच मिटत आला होता.

क्षणभराचीच गोष्ट. त्याने लगेच तिचा हात शोधला, धरला, आणि फेर पुढे गेला. पण नेटाने त्याच्या खांद्यावरून पाहिलं होतं. पहिल्या रांगेत एफीचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून वीतभर वर आला होता. तालाच्या किंचित आधी.

पुढच्या वेळी ती जागा आली तेव्हा नेटाने हात आधीच दिला. वॅटने चमकून तिच्याकडे बघितलं. नाचताना तो कुणाकडे बघत नसे. तिच्याकडे बघितलं.

टाळ्या झाल्या, झोपलेले आजोबा जागे होऊन "पोरी चांगल्या आहेत" म्हणाले, चहाची गाडी आली, शॉर्टब्रेड फिरलं. नेटा एफीजवळ गेली.

"किती चुका?"

"चार," एफी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "दुसऱ्यांदा... लवकर दिलास."

"हो."

"कोणी सांगितलं?"

"कुणी नाही. बघितलं मी."

एफीने मान हलवली.

घरी आल्यावर नेटाने जाहीर केलं की आता असं चालायचं नाही. वॅटने आपल्या मंडळात परत जायचं, एवढा चांगला नाचणारा माणूस बुधवारी बसून राहतो म्हणजे काय? ब्रेरीबँकला बुधवारी ती जाईल. गाडी तिलाही चालवता येते. वॅटला हवं तर त्याने रविवारी जावं, दुपारी, चहाला. तिच्यासकट.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा," वॅट म्हणाला.

"आहे की. थोडाथोडा आहे," नेटा म्हणाली. "वाढेल."

बुधवारी तिला एकटीला दारात बघून एफीने उजवी भुवई उचलली. "वॅट?"

"हॉलवर पाठवला."

"आणि तू... पहारा?"

"पहाराच," नेटा म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली.

एफी खो-खो हसली, इतकी की आश्रमात काम करणारी मुलगी काय झालं म्हणून डोकावून गेली. नेटाला गुणगुणता येत नसे, म्हणून एफीच सूर धरायची, तुटका-मोडका, आणि नेटा काळ्या सोंगट्या चालवायची. मधेमधे गिरणीच्या गोष्टी निघायच्या. कोण वारलं, कोणाची सून कशी. तो सगळ्यांसमोर उलगडलेला तागा एकदा निघाला. नेटा म्हणाली, "मी तेव्हा नको होतं करायला तसं." एफी म्हणाली, "दोष... होता पण." आणि तो विषय तिथेच संपला.

जूनच्या शेवटी एफीने विचारलं, "माझ्या जागेवर... कोण आता? तू तर इथे."

"मेलरोजहून एक नवी आली आहे म्हणे. रोवीना की काय नाव. वॅट म्हणाला, चांगली हलकी नाचते."

"हलकी?"

"असं म्हणाला."

"वय?"

"साठीची असेल. तो म्हणाला, लक्ष नाही दिलं."

एफीने हातातली सोंगटी खाली ठेवली. "विधवा?"

"तेही विचारलं मी. म्हणाला, विषय निघाला नाही."

"म्हणजे... आहे."

"असेलच."

बाहेर उजेड अजून पुष्कळ होता, कुणीतरी गवत कापत होतं. एफीचा उजवा डोळा बारीक झाला होता, आणि नेटाला कळलं की आपलेही डोळे तसेच झाले असणार.

"पुढच्या बुधवारी," एफी एकेक शब्द नीट लावत म्हणाली, "तू तिकडे जा. आणि गुरुवारी येऊन... मला सगळं सांग."